शनिवारच्या बॅचचं रीडिंग

भोईर, परवा तुमच्या शोकसभेत मी खोटं बोलले.

विभागप्रमुख म्हणून मला पहिलं बोलायला लावलं. सेमिनार हॉलमध्ये तुमचा फोटो होता, निवृत्तीच्या दिवशीचा, तो हिरवा शर्ट घातलेला. मी म्हणाले, "काशिनाथ भोईर यांनी एकतीस वर्षं आपली केमिस्ट्रीची लॅब सांभाळली. कधी रजा नाही, कधी तक्रार नाही, सदा हसतमुख." लोकांनी माना हलवल्या. नवीन लागलेल्या दोघींनी तर डोळेही पुसले, त्यांनी तुम्हाला धड पाहिलेलंही नव्हतं. मग दोन मिनिटं शांतता झाली आणि त्या दोन मिनिटांत मी समोरच्या खुर्च्या मोजत राहिले, कारण कधी तक्रार नाही हे धादांत खोटं होतं. तक्रार होती. एकच होती, दर जूनला होती, आणि ती माझ्याविरुद्धच होती. ती काय होती हे त्या हॉलमध्ये फक्त मला ठाऊक होतं, आणि मी चहा घेऊन घरी आले.

म्हणून हे लिहितेय. तुम्ही वाचणार नाही हे माहीत आहे. पण माझी लिहायची हिंमतसुद्धा तुम्ही गेल्यावर झाली, यावरून काय ते समजा.

मी लागले तेव्हा तुम्हाला लॅबमध्ये दहा वर्षं झालेली होती. मी सत्तावीस वर्षांची, पुण्याहून एमएस्सी करून आलेली, सुवर्णपदक वगैरे. तुम्ही मानपाड्याचे, बारावी पास, लॅब असिस्टंट. पहिल्याच आठवड्यात तुम्ही बॅलन्स रूमच्या बाहेर डबा उघडलात. सुक्या जवळ्याचा वास आला आणि मी नाकाला पदर लावला. काही बोलले नाही हो, फक्त पदर लावला. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही मागच्या जिन्यात बसून जेवायला लागलात, ते निवृत्त होईपर्यंत. मधल्या काळात मला तुमच्या उरलेल्या वीतभर जमिनीतली वांगी आणून दिलीत, वहिनींच्या हातच्या तांदळाच्या भाकऱ्या आणून दिल्यात. "मॅडम, ह्यात मावरं नाय, बिनधास्त खा," म्हणून वर हसायचात. मी बिनधास्त खाल्ल्या. जिन्यातून आत या, असं मात्र एकवीस वर्षांत एकदाही म्हणाले नाही. पोरं तुम्हाला भोईरकाका म्हणायची. मी नुसतं भोईर म्हणायचे, आजही तेच लिहितेय, दुसरं काही आता तोंडात बसत नाही.

तुमची तक्रार होती बॅचेसची.

आपल्याकडे एफ.वाय.ला पडलेला रोल नंबर टी.वाय.पर्यंत चालायचा, आणि ते नंबर पडायचे कसे? जो आधी प्रवेश घेईल त्याचा नंबर आधी. पहिली यादी खुल्या जागांची, जास्त टक्केवाल्यांची. डोंबिवलीतल्या, ठाण्यातल्या चांगल्या शाळांतली पोरं यायची, बाबा सोबत, कागद फाइलमध्ये. एक ते वीस, एकवीस ते चाळीस. मग दुसरी यादी, मग राखीव जागांच्या याद्या. मग ज्यांचे जातीचे दाखले तहसीलदार कचेरीत अडकलेत ती पोरं. आणि अगदी शेवटी मुरबाड-शहापूरकडची आदिवासी पाड्यांवरची, ज्यांना यादी लागली हेच आठवड्याने कळायचं. प्रॅक्टिकलच्या बॅचेस नंबराप्रमाणे. पहिले वीस सोमवारी, मग बुधवार, मग शुक्रवार, आणि शेवटचे शनिवारी दुपारी. झालं. कुणी मुद्दाम काही केलं नव्हतं, पण शनिवारी दुपारी लॅबमध्ये उभं राहिलं की सगळ्या आडनावांवरून सगळं कळायचं.

तुम्हाला ते पहिल्यांदा दिसलं. "मॅडम, नंबर जरा पत्त्यांसारखे पिसून वाटा ना. ही पोरं एकमेकांतच अडकतात. कोणाला काय आलं नाय तर विचारायला बाजूला पण तसाच, न आलेला."

मी म्हणाले होते, "भोईर, रोल नंबरला जात नसते. आपण इथे असला विचारच करत नाही."

तुम्ही म्हणालात, "विचार करायला पायजे मॅडम." आणि पिपेट धुवायला गेलात.

आपलं हे भांडण दर जूनला व्हायचं. मला त्याची गंमतसुद्धा वाटायची. मी स्टाफरूममध्ये सांगायचे, आमचे भोईर पुढारी आहेत. स्टाफरूममध्ये एक शब्दच रूढ झाला होता, 'शनिवारवाला'. एखाद्या पोराला साधा प्रश्न येत नसला की कुणीतरी म्हणायचं, शनिवारवाला दिसतोय. मीही म्हणायचे. शनिवारच्या पोरांचे प्रॅक्टिकलचे मार्क दरवर्षी कमी यायचे, मग आम्ही म्हणायचो, बघा, हाताला वळण नाही यांच्या. सवय नाही घरात. आणि खेदाने मान हलवायचो. त्या खेदाचीच मला आज जास्त लाज वाटते. राग असता तर निदान उघड दिसला असता.

माझा एक अभिमान होता, तो तुम्हाला चांगलाच ठाऊक होता. परीक्षेच्या आठवड्यात सगळ्या बॅचेसना एकाच बाटलीतलं द्रावण. थेंब थेंब सोडून मोजायचं आयोडीनचं टायट्रेशन असलं की रविवारीच तुमच्याकडून ती मोठी काचेची बाटली भरून घ्यायची, सोमवारी सकाळी मी स्वतः रीडिंग घ्यायचं, ते पाकिटात बंद करायचं आणि त्याच रीडिंगवर सगळ्यांना मार्क. दोन-तीन थेंब इकडेतिकडे चालतील, त्यापुढे मार्क कापायचे, फार लांब असेल तर शून्य. बाहेरून येणाऱ्या परीक्षकांना मी हे ऐटीत सांगायचे. सगळ्यांना एकच बाटली, एकच उत्तर, कुणावर अन्याय नाही.

त्या मार्चमध्ये आयोडीनच होतं. माझं सोमवारचं रीडिंग दहा पॉइंट चार. अकरा वर्षं झाली, आकडा अजून विसरलेले नाही.

शनिवारी वनिता मेंगाळ होती. मुरबाडच्या पुढच्या एका पाड्यावरची, कल्याणला मुलींच्या वसतिगृहात राहायची. दोन वर्षांत ती माझ्याशी चार वाक्यंही बोलली नसेल. तुमच्याशी मात्र बोलायची. ब्युरेटच्या काचनळीत आकड्यावर डोळा कुठे धरायचा, नळी सोडताना डावा हात कसा वळवायचा, हे तिला तुम्ही शिकवलंत. मी शिकवलं होतं म्हणा, पण इंग्रजीतून, फळ्यावर आकृती काढून. तुम्ही तिच्या शेजारी उभे राहून म्हणायचात, "धावतंस कनाला? थेंब थेंब सोर. रंग परायला लागला का हात थांबव." आणि मी लांबून हाक मारायचे, भोईर, डोन्ट हेल्प देम.

सोमवारी बाहेर आलेल्या पोरांकडून रीडिंग कॉरिडॉरमध्ये फुटायचं हे काही गुपित नव्हतं. ज्याचा सोमवारच्या बॅचमध्ये मित्र असेल त्याला शनिवारी काय लिहायचं ते माहीत असायचं. वनिताचा असा कुणी मित्र नव्हता. कदाचित असता तरी तिने विचारलं नसतं. तिने तीन रीडिंगं घेतली, तिन्ही नऊ पॉइंट सहा, आणि तीच स्वच्छ अक्षरात लिहिली. मी पाकीट उघडून बघितलं, दहा पॉइंट चार. लाल पेनाने फुली मारली आणि अचूकतेचे सगळे मार्क कापले.

मग तोंडी. मी इंग्रजीत विचारलं, स्टार्च शेवटी का घालायचा, आधी का नाही. ती गप्प. पुन्हा विचारलं, पुन्हा गप्प. तुम्ही मागे काचा पुसत होतात, तुम्हाला राहवलं नाही. म्हणालात, "मॅडम इचारतात, स्टार्च आधी टाकला तर काय व्हईल?" ती ताबडतोब म्हणाली, "आधी टाकला तर तो आयोडीनला धरूनच बसतो, मग सोडत नाही लवकर. चुकतं रीडिंग." बरोबर उत्तर होतं. पुस्तकात यापेक्षा वेगळं काही नाही, फक्त शब्द लांब आहेत. आणि मी काय केलं? बाहेरच्या परीक्षकांसमोर तुमच्यावर ओरडले. परीक्षेत बोलायचा तुमचा काय संबंध, म्हणाले. तिच्या नावापुढे तोंडीचे दोन मार्क लिहिले, दहापैकी. ती "थँक्यू मॅडम" म्हणून गेली. तुम्ही पुन्हा काचा पुसायला लागलात.

सगळे गेल्यावर तुम्ही माझ्या टेबलाशी आलात. मला वाटलं माफी मागायला. तुम्ही म्हणालात, "मॅडम, एकदा तुम्ही करून बघा."

"काय?"

"हेच. ह्या बाटलीतलं."

मी चिडूनच उठले. दहा एमएल मोजून घेतलं, हात माझा, नजर माझी, सुवर्णपदक माझं. निळा रंग गेला तेव्हा ब्युरेट नऊ पॉइंट सहावर होतं. पुन्हा केलं. नऊ पॉइंट सहा. तिसऱ्यांदा केलं. तुम्ही हाताची घडी घालून उभे होतात. आयोडीन उडून जातं हे अकरावीच्या पोरालाही माहीत असतं. मार्चचा उन्हाळा, पत्र्याखालची लॅब, सोमवार, बुधवार, शुक्रवार बाटलीचं बूच शंभर वेळा उघडलेलं. शनिवारपर्यंत ते द्रावण सोमवारचं राहिलंच नव्हतं. बाटली एकच, पण प्रत्येकाला वेगळं मिळत होतं, आणि सगळ्यात विरलेलं नेहमी त्याच पोरांना. जी खरं लिहायची त्यांना शून्य, जी कॉरिडॉरमधलं ऐकून लिहायची ती पास. आणि हे एका वर्षाचं नव्हतं. माझ्या आधीपासूनचं होतं, पण माझ्या वेळचीच तेरा वर्षं होती.

मार्कांचं पाकीट अजून उघडंच होतं, भोईर. परीक्षक प्राचार्यांच्या खोलीत चहा घेत होते. मी तिथे जाऊन सांगितलं असतं तर अर्ध्या तासाचं काम होतं. शनिवारच्या वीस पोरांचं रीडिंग नव्याने धरायचं, वीस आकडे बदलायचे, खाली दोघांच्या सह्या. माझ्या डोक्यात हे सगळं आलं, ओळीने आलं. त्याच्यामागून आलं, की मग ते विचारतील, गेल्या वर्षी कसं केलंत? त्याच्या आधी?

मी म्हणाले, "हात थकलाय माझा आज. चुकत असेल."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मग मी म्हणाले, "लाख आणा."

तुम्ही मेणबत्ती लावलीत, लाख वितळवलीत, पाकिटावर पाडलीत. मी शिक्का दाबला. शिक्का गार होईपर्यंत तुम्ही पाकीट धरून ठेवलंत, नेहमीसारखं. माझ्या हातून झालेल्या त्या गोष्टीत मी तुमचेही हात लावून घेतले, याबद्दल मी कधीच तुमची क्षमा मागितली नाही.

पुढच्या वर्षीपासून रोज ताजं द्रावण आणि प्रत्येक बॅचचं वेगळं रीडिंग सुरू झालं. मी विभागाच्या बैठकीत ते 'गुणवत्ता सुधारणा' म्हणून मांडलं. शनिवारच्या बॅचचे मार्क एकदम वर आले. तपासणीला आलेल्या समितीने विचारलं, हे कसं साधलंत? मी म्हणाले, आम्ही मागास घटकातल्या विद्यार्थ्यांसाठी खास मार्गदर्शन घेतो. त्यांनी कौतुकाने लिहून घेतलं. तुम्ही दाराशी उभे होतात. मी तुमच्याकडे बघायचं टाळलं, तरी तुम्ही हसलात ते दिसलं. त्या हसण्यात कडवटपणा असता तर मला बरं वाटलं असतं. तुम्ही खरंच खूश होतात. पोरांना मार्क मिळत होते ना.

वनिताचा फर्स्ट क्लास दोन मार्कांनी गेला. एमएस्सीला नंबर लागला नाही. हेही तुम्हीच मला सांगितलंत. त्यानंतर तुमची दर जूनची तक्रार बदलली. "मॅडम, त्या मेंगालच्या पोरीला सांगायला पायजे." मी म्हणायचे, आता काय उपयोग, निकाल लागून गेला. कधी म्हणायचे, बघू. निवृत्तीच्या दिवशी तुमच्या गळ्यात हार होता, हातात नारळ होता, आणि तुम्ही निघताना हळूच म्हणालात, "मॅडम, ते राहिलंय हां." मी जरा जोरातच म्हणाले, "भोईर, आज तरी नको." तुम्ही "बरं" म्हणालात. आपलं शेवटचं बोलणं ते. तीन वर्षं तुम्ही मानपाड्याला, मी रिक्षाने वीस मिनिटांवर, आणि मी आले नाही. तुम्ही आजारी होतात तेव्हाही आले नाही. आले असते तर तुम्ही विचारलं असतंत.

काल आले. तुमची बाग राहिली नाही, समोर सात मजल्यांची इमारत उभी आहे. वहिनींनी मला आत बसवलं, पाणी दिलं. "ते तुमचा नाव लई कारायचे," म्हणाल्या. "आमच्या मॅडम, आमच्या मॅडम." मला मान वर करता येईना. मग आतून चहा घेऊन एक बाई आली. तिशीची, चष्मा, नीट विंचरलेले केस. मी कप घेतला. ती म्हणाली, "ओळखलं नाही ना मॅडम?"

वनिता. कळव्याला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, सगळी तपासणी तीच बघते. दोन वर्षं दर रविवारी तुमच्याकडे यायची, शेवटी शेवटी तुमच्या रक्ताचे रिपोर्टसुद्धा तिनेच केले, हे मला तिथे कळलं.

मी कप खाली ठेवला. वहिनींसमोरच सगळं सांगितलं. बाटली, पाकीट, माझी तीन रीडिंगं, लाख. मध्ये थांबले नाही, थांबले असते तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. ती शांतपणे ऐकत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "मला माहिती होतं मॅडम."

"कधीपासून?"

"त्याच दिवशीपासून. मी खाली गेटवर रडत उभी होते. काका आले नि बोलले, तुझं रीडिंग बरोबर आहे, पानी शिलं होतं. मी बोलले, मग मी ऑफिसात जाऊन सांगते. तर मला थांबवलं. बोलले, मॅडमनी स्वतः तीनदा करून बघितलंय. त्या खोट्या नाहीत, घाबरल्यात. त्या स्वतः सांगतील, त्यांना जरा वेळ दे." तिने चष्मा काढून पदराला पुसला. "मग मी दरवर्षी विचारायचे, काका, बोलल्या का मॅडम? तर बोलायचे, या वर्षी सांगतील."

चष्मा परत लावत ती म्हणाली, "गेल्या महिन्यात दवाखान्यात विचारलं ना, तेव्हापण तेच बोलले."

मी तिचे हात धरले, माफ कर म्हणाले. तिने हात सोडवून घेतले नाहीत, पण माफ केलं असंही म्हणाली नाही. म्हणाली, "मला सांगून काय होणार मॅडम? मला तर माहितीच होतं. ज्यांना माहिती नाही त्यांना सांगा ना. माझ्या बॅचची अजून एकोणीस पोरं आहेत. त्यांना आजही वाटतं, आपला हातच तसा."

भोईर, तुम्ही माझ्याबद्दल अकरा वर्षं खोटं बोलत राहिलात, आणि परवा माईकवर मी तुमच्याबद्दल बोलले. दोघांनीही एकमेकांची बाजू राखली म्हणायची. फरक एवढाच, की तुमचं खोटं खरं करायची सोय अजून माझ्या हातात आहे.

सोमवारी विभागाची बैठक आहे. यंदाच्या बॅचेस ठरवायच्या आहेत, रोल नंबरांची यादी माझ्यासमोर पडली आहे, अजूनही पहिल्या यादीपासून शेवटच्या यादीपर्यंत ओळीनेच. द्रावण ताजं केलं, पण नंबर मी कधी पिसले नव्हते. आज चिठ्ठ्या केल्या आहेत, स्टीलच्या डब्यात टाकल्या आहेत. आणि हे सगळं लिहिलेलं मी बैठकीत मोठ्याने वाचणार आहे, मग प्राचार्यांना देणार आहे, मग जुन्या हजेरीपटांतून शनिवारवाल्यांची नावं काढून एकेकाला कळवणार आहे, जितकी वर्षं सापडतील तितकी. काय व्हायचं ते होऊ दे. वनिताला बोलावलंय. तिने येते म्हटलं नाही, बघते म्हणाली.

ती विचारायला आता तुमच्याकडे येणार नाही. मलाच विचारेल.

या वर्षी सांगते, काका.